पूर्वप्रसिद्ध आई

आई,

तुझ्यावरचा एक लेख मी आजवर चार ठिकाणी दिला. पहिल्यांदा छापून आला तेव्हाच तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तू तो ऐकला नाहीस. ऐकायचाच असता, तर पहिल्यांदा छापला होता तसाच ऐकायला हवा होता.

शिरूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी लिहिण्यावर जगते. नवा लेख जुळून यायला वेळ लागतो आणि मानधन कधी येईल ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून आमच्यात जुना लेख पुन्हा दुसरीकडे देतात. हक्क आपल्याकडे असले आणि आधी कुठं आलाय ते सांगितलं, की त्यात लबाडी नाही. मी दर वेळी वर 'पूर्वप्रसिद्ध' असं लिहूनच पाठवते. व्यवहारात मी कुठंच चुकले नाही, आणि तरी गेले काही दिवस मला घास गोड लागत नाही.

लेख दौंडच्या त्या दिवसाचा. स्टेशनाबाहेरची खानावळ, तू मागं भांडी घासतेस. मी अकरावीत, कॉलेज सुटलं की किल्ली घ्यायला मागच्या दारी येते. त्या दिवशी भाकरीवाली बाई आलेली नसते आणि मालकानं तुला तव्यापुढं बसवलेलं असतं. तुझे हात असे चाललेले की मी किल्ली मागायची विसरते. बाहेर गिऱ्हाईकं मागून मागून भाकरी खातायत, एक रेल्वेतला माणूस तर आत डोकावून विचारतो, "आज कुणाच्या हातची हाय वो?" मालक त्याला हसून परत पाठवतो आणि तुझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणतो, "उद्यापास्नं तूच थाप. पगार वाढवतो. फकस्त बाहेर कुणाला कळू दिऊ नगं. कळलं तर लोकं खायची न्हाईत." आपण कुठल्या जातीचे, हे त्याला माहीत होतं. गावाला माहीत होतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, नीट शेकलीस, टोपलीत ठेवलीस, हात धुतलेस. "मालक, ही शेवटची. आन् भांड्यालाबी दुसरी बाई बघा." वाटेत मी रडायला लागले तर माझ्यावरच ओरडलीस, "रडतीस कशाला? आपुन काय चोरी केली व्हय?" दुसऱ्या दिवसापासून तू लोकांच्या उसात खुरपायला जायला लागलीस.

एका लहान मासिकानं हे जसंच्या तसं छापलं. मानधन नाही, दोन अंक घरी आले. मग वर्तमानपत्राच्या पुरवणीनं मागितला. जागा कमी होती, म्हणून मालकाचं बोलणं गेलं. ते गेल्यावर तू काम का सोडतेस ते कळेना, म्हणून काम सोडणंही गेलं. राहिली एक छान भाकरी करणारी बाई. मातृदिनाला तीच एका वेबसाइटवर आली, वर कुणा भलत्याच नऊवारीतल्या बाईचा फोटो. तोवर मी फक्त कापत होते. गेल्या वर्षी मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, लेख सुंदर आहे, पण शेवटच नाही. काहीतरी पॉझिटिव्ह करा ना." भाडं थकलं होतं. मी शेवट केला. त्यात मालक म्हणतो, "आजपासून हा तवा तुझा," आणि तू डोळ्यांत पाणी आणून हात जोडतेस. ऐकून लोक रडले. मला अनोळखी माणसांचे फोन आले, तो मालक किती मोठ्या मनाचा म्हणून.

आणि मग मावशीचा फोन आला. शेजारणीच्या मोबाइलवर तिनं ते ऐकलं होतं. "ह्यातली बाई कोण हाय गं?" एवढंच म्हणाली. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं दौंडला गेले. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, मावशी, गोष्टीसाठी थोडं बदलावं लागतं. तिनं मान वर केली नाही. "गोष्ट तुझी आसंल. बाई माझी बहीण व्हती. ती कवा कुणाफुडं हात जोडून हुबी ऱ्हायली, सांग की." मग तिनं शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडं सरकवलं, आणि मीही फोडत बसले.

परत आल्यावर मी कंपनीला फोन लावला. खरा शेवट परत घाला, हवं तर पैसे परत करते. ती मुलगी चांगली आहे, तिनं वर विचारलंही. वरून उत्तर आलं की करारात तशी सोय नाही आणि लोकांना हाच आवडलाय. पिठाच्या एका कंपनीला हा लेख कॅलेंडरसाठी कायमच्या हक्कांसकट हवा होता. त्यांना मी नाही म्हटलं. रक्कम मोठी होती, नंतर बरेच दिवस मी चिडचिडी होते. म्हणजे एक थांबलं आणि एक चालूच आहे. आत्ता हे लिहितेय तेव्हाही तू कुणाच्या तरी कानात हात जोडत असशील. सगळ्यात वाईट म्हणजे हल्ली खानावळीतून निघतानाचा तुझा चेहरा आठवायला गेले, की आधी तो डोळ्यांत पाणी आणलेलाच येतो. माझ्याच हातचा. मग मला तो बाजूला करून तुला शोधावं लागतं, आणि दर वेळी तू सापडतेसच असं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तुला नाही आणि कुणालाच नाही. तरी एक गोष्ट सांगून टाकते. निघताना मावशी मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागेपर्यंत तिनं तुझी एक आठवण सांगितली, तुझ्या लग्नाआधीची, मला कधीच माहीत नसलेली. मी ती इथं लिहिलेली नाही. मला माझा भरवसा वाटला नाही.