जाडी गिटार, बारीक मान

३ जुलै
नवी गिटार जाडी आहे. मी नव्हे, गिटार!
कपाटावरची सूटकेस काढताना नवऱ्याने ती नेमकी जुन्या गिटारवर पाडली. मान मोडली — गिटारची. म्हणून नवी. गिटारवाला म्हणे, "तेच मॉडेल आहे बाई, नावातलं शेवटचं अक्षर तेवढं बदललंय." अक्षर कसलं! मांडीवर घेतली की पोट पुढे येतं, उजवा हात वळसा घालून तारांपर्यंत पोचतो. आणि मान इतकी अरुंद, की डाव्या हाताची बोटं एकमेकांच्या पायावर पाय देतात.

४ जुलै
नवऱ्याने टेपने दोन्ही मोजल्या. "सारख्याच आहेत." खिडकीचे पडदेही त्यानेच मोजले होते. ते अजून अर्ध्यातच लटकतायत.

९ जुलै
दोन्ही गिटारी घेऊन दुकानात गेले. गिटारवाल्याने कॅलिपर काढला. पोटाची रुंदी, खोली, कंबर, मान — सगळं मोजलं. जुनीची मान त्रेचाळीस मिलिमीटर, नवीची त्रेचाळीस. "केसाचाही फरक नाही, बाई."
"मग माझं कोपर खोटं बोलतंय का?"
बिचारा माझ्या कोपराकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "हे लहान पोटाचं मॉडेल वापरून बघा. मानही दीड मिलिमीटरने रुंद आहे. नाही पटलं तर परत आणा."

१० जुलै
सुख! दीड मिलिमीटर म्हणजे काय ते ज्याच्या बोटांना कळतं त्यालाच कळतं.

२ ऑगस्ट
हीसुद्धा फुगली!!
गिटारवाल्याला फोन केला. "दमट हवेत लाकूड फुगतं थोडं, पण बाई, इतकं..."
शेजारून नवरा: "लाकूडच फुगलं असेल असं नाही." दिवसभर अबोला. त्यात लेक — कॉलेजात गेल्यापासून फार शहाणी झालीय — म्हणते, "आई, तू हल्ली दोनदा जेवतेस आणि तिसऱ्यांदा चव बघतेस."
घरचेच भेदी.

११ ऑगस्ट
शाळेत गायनाच्या वर्गाची तालीम. मी साथीला. तिसऱ्या ओळीवर बोटं अडकली. मुलं थांबली नाहीत. गात राहिली, मी परत सुरात येईपर्यंत. सांभाळून घेतलं मला! रागावली असती तर बरं वाटलं असतं.
इथे कोणी वाचत नाही, तर खरं लिहिते. अंगठी निघत नाही. सकाळी बोटं सुजलेली असतात. आईचीही अशीच सुजायची. आधी तिचं शिवणयंत्र बंद झालं, मग सुईत दोरा ओवायलाही मला हाक मारायला लागली. म्हातारपण हप्त्याहप्त्याने येतं म्हणतात. माझ्याकडे सगळं एकदमच उतरलं — पाळी बंद, कंबर दुखते, जिना चढला की धाप. चव्वेचाळीस हे काय वय आहे?
म्हणून तर गिटारी मोजत बसलेय मी. दोष लाकडाचा निघावा, एवढंच.

१८ ऑगस्ट
आज नवऱ्याला बोटं दाखवली. वाटलं, आता एखादा विनोद येणार. नाही आला. साबण लावून हळूहळू अंगठी काढली आणि बोट तसंच धरून बसला. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येतो."
हा माणूस चेष्टा करत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१९ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी बोटं घटकाभर पाहिली. मग पोट — बराच वेळ. मग कसलंसं यंत्र लावलं, आणि खोलीभर ठोके. भरभर, माझ्या कुठल्याही तालमीपेक्षा दुप्पट लयीत.
पाचवा महिना!
नवरा मटकन स्टुलावर बसला. स्टूल तिथे नव्हतं.
बाहेर येऊन लेकीला फोन केला.   पलीकडून अगदी बारीक आवाजात —
"म्हणजे आता मला कोणीतरी ताई म्हणणार?"