लग्नाचा एकच फोटो

३ नोव्हेंबर
धाकटे दीर बाळाप्पा, त्यांनी कोर्टात लिहून दिलंय – ही बाई आमच्या यशपालची बायको नव्हेच, घरकामाला ठेवलेली! जन्मभर संसार केला, हे गेले तशी मी कामवाली झाले. घर खाली कर म्हणतात. घराचं एक राहू दे. पण बायको नव्हे?

लग्नाची कुठं नोंद नाही. कलघटगीच्या विहारात लागलं, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर. पुरावा म्हणजे एकच फोटो, तोही ओल लागून डागाळलेला. धारवाडला सुभाष रोडवर मोठा करायला दिला.

८ नोव्हेंबर
घात झाला! दुकानदारानं डाग काढले आणि माझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू रंगवून ठेवलं. "अक्का, नवरी असून पांढरी साडी, मोकळं कपाळ... बरं दिसंना, म्हणून घातलं की." कौतुकानं सांगत होता. आमच्यात नवरी पांढरंच नेसते, कुंकू लावत नाही. त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक! जुना फोटो? खराब झालेला म्हणून टाकला. कंप्युटरातलाही पुसला.

भर रस्त्यात रडले. कुणी विचारलंही नाही.

१८ नोव्हेंबर
माझ्या वकील हेमावती मॅडमनी कोर्टाला खरं ते सांगितलं, कुंकू दुकानात रंगवलंय म्हणून. समोरचे वकील हसले. कुंकू खोटं, तर बाकीचं खरं कशावरून?

मॅडम म्हणतात, फोटो काढणारा आणा, नाहीतर लग्नाला हजर असलेलं कुणीतरी. कुठून आणू? फोटोवाला गेला, दोन्हीकडची म्हातारी माणसं गेली. उरली नणंद दुर्गव्वा, फोटोत माझ्या शेजारी उभी आहे. पण ती बाळाप्पांच्या बाजूनं साक्ष देणार.

६ डिसेंबर
पांढरी साडी नेसून एकटीच बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन आले. दरवर्षी हे पुढं, मी मागं. दुर्गव्वा दिसली, तिनं तोंड फिरवलं. घरी येऊन भात टाकला – दोघांचा! सवय मेली जात नाही.

११ डिसेंबर
आज दिवसभर कुणाशी बोलले नाही.

१७ डिसेंबर
दुर्गव्वा पिंजऱ्यात उभी. त्यांच्या वकिलांनी फोटो पुढं केला – खोटा आहे ना?

तिनं बघितला आणि भडकलीच. "खोटाच हाय! हे कुंकू कुणी लावलं? लग्नात आमच्या वैनीचं कपाळ मोकळं होतं. मीच हातात हार दिला की!"

जज्जसाहेबांनी लिहून घेतलं.

वैनी म्हणाली मला!