न सोडलेल्या खुर्च्या

सोमवार, ६ जानेवारी

नोकरी लागली आणि आज पहिला दिवसही पार पडला. नवी वही सुरू करायला याहून चांगला दिवस कुठला मिळणार.

ऑफिस गाँग रोडवर, टायरच्या दुकानावर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण खिडक्या मोठ्या आहेत आणि चहा मागावा लागत नाही. दूध संघांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं काम. शेतकऱ्यानं केंद्रावर दूध घातलं की वजनाची नोंद होते आणि त्याच्या फोनवर लगेच निरोप जातो. वामाइथा मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाल्या की इथे इंजिनिअरला एका खुंटीला बांधून ठेवत नाहीत. चाचणी करा, ग्राहकांचे फोन घ्या, सर्व्हर सांभाळा, सगळं यायला हवं. प्रत्येक कामाचं टेबल वेगळं आणि त्या कामाला सगळे ‘खुर्ची’च म्हणतात. माझी पहिली खुर्ची चाचणीची. आधीच्या बँकेत मी चार वर्षं एकाच पडद्यावरची तीच बटणं इकडून तिकडे सरकवत होते, त्यामुळे मला तर हे ऐकूनच भूक लागली.

आणि माझी लेक कवाता आली आहे. कालच गावाहून, किटुईहून घेऊन आले. दोन वर्षांची असल्यापासून माझ्या आईकडे होती, आता सहाची झाली. आईनं निघताना ठणकावून सांगितलं की मार्चअखेर नोकरी पक्की झाली तर पोर तुझी, नाहीतर गुपचूप परत आणून सोड, तिची आणखी फरपट मी होऊ देणार नाही. शाळा गल्लीच्या टोकालाच आहे. मी यायच्या आधी सुटते, तेवढा वेळ शेजारची सिफाची आई बघेल.

मी काय कच्च्या गुरूची चेली नाही. पक्की होऊनच दाखवीन.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज इथला एक गमतीचा रिवाज पाहिला. ओडेनी म्हणून एक जण आहे, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. तो फोनच्या खुर्चीवरून सर्व्हरच्या खुर्चीवर गेला. नुसतं टेबल बदललं असं नाही. सगळे गोळा झाले, त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला की ही खुर्ची आता माझी नाही. नवा माणूस म्हणाला, आता माझी. मग कॉम्प्युटरवरून ओडेनीचे तिथले सगळे हक्क काढले आणि नंतर चहा आणि तळलेल्या गोड मांडाझी.

मला हसू आवरेना. लग्न लागतंय की घटस्फोट, असं मी विचारलं. ओडेनी म्हणाला, हस, कवाताची आई, हस, तुझी पाळी आली की आम्ही हसू. मग मी सहज विचारलं की फोनवर सगळ्यात जास्त भांडतं कोण. त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला की खरं सांगू, काहीच आठवत नाही. माझी फिरकी घेतो म्हणजे काय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

माझी बदली फोनच्या खुर्चीवर. चाचणीला दुसरा माणूस शोधायला वेळ लागणार होता, तर मी मॅडमना म्हटलं, शोधूच नका, दोन्ही मी बघते. त्यांचा चेहरा असा खुलला की पक्की व्हायचं पत्र मला तिथेच दिसलं.

मग ते खुर्ची सोडायचं वाक्य म्हणायचा प्रश्नच आला नाही. हक्क तर मी सोडलेच नसते. कुठला इंजिनिअर आपणहून सोडतो? उद्या काही अडलं तर कुलूप आपल्यालाच उघडता यायला हवं. ही आमच्या जातीची खोडच आहे. ओडेनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की निदान ते वाक्य तरी म्हण, बाई, दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याची आधी विजार फाटते. मी म्हटलं, मी स्कर्ट घालते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

फोनवर मजा येते. किनांगोपच्या एक आजी आहेत, रोज सकाळी फोन करतात. आज म्हणाल्या की तुझ्या त्या यंत्राला सांग, माझी गाय अर्धा लिटर देत नाही, अर्धा लिटर मांजर देते. मी नोंद दुरुस्त केली तर म्हणाल्या की लग्न झालं नसेल तर माझा धाकटा आहे.

घरी यायला साडेसात होतात. कवाता सिफाच्या घरी जेवूनच येते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चाचणीच्या कामाकडे आठवडाभर बघायला झालं नव्हतं. आज धाकधुकीनं उघडलं, तर सगळं झालेलं. चोवीस चुका शोधलेल्या, माझ्या नावानं. आणि शेरेही माझेच. एका चुकीखाली लिहिलंय, ‘हे ज्यानं लिहिलं त्यानं गाय कधी पाहिलेली नाही.’ हे मीच लिहीन. पण मी लिहिलेलं नाही. त्या वेळी मी आजींशी बोलत होते.

आपोआप चालणारं काहीतरी मी मागे ठेवलं असेल, अशी मनाची समजूत घातली. मग चहाला ओडेनी तक्रार करत आला की काल जेवताना माझी अर्धी मका-घेवड्याची गिथेरी तू संपवलीस, आज तरी स्वतःचा डबा आण. काल मी जेवायला उठलेच नव्हते.

बुधवार, ५ मार्च

सर्व्हरची खुर्चीही माझ्याकडे आली. ओडेनी दुसरीकडे गेला, त्यानं त्याचं वाक्य म्हटलं. मी फोनसाठी काही म्हटलं नाही. या वेळी त्यानं मला ते म्हणायचा आग्रह केला नाही.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की कातुंगे एकटी तिघींचं काम करते. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, ११ मार्च

जागेवर बसून लगेच लिहिते आहे.

चहा घ्यायला निघाले होते. चाचणीच्या खोलीला काच आहे. आत माझ्या जुन्या टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली होती. वेण्या माझ्यासारख्या. स्वेटर मोहरीच्या रंगाचा, मी आज घातलाय तोच, कोपरावर रफू केलेला. पेन्सिलनं मान खाजवत होती. मी खाजवते तशी.

तेवढ्यात मॅडम तिच्यापाशी थांबल्या. न्येरीच्या संघाबद्दल काहीतरी सांगायला लागल्या, बोलत बोलतच बाहेर आल्या, समोर मी. आणि उरलेलं अर्धं वाक्य त्यांनी मला सांगितलं. जराही न थबकता. मी मान डोलावली.

ती बाई वळली नाही. वळू नये असं मला फार वाटत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

ओडेनीला धरून खाली टायरच्या दुकानापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला की इथे खुर्ची रिकामी राहत नाही, कवाताची आई. जो सोडून जातो आणि सोडलं म्हणत नाही, त्याला ती धरून ठेवते. रिवाज उगाच पडला नाही.

उपाय विचारला. म्हणाला, अजूनही जाऊन म्हण, ती उठून जाईल. पण जे सोडशील ते सगळंच जाईल, मागे ठिपकासुद्धा राहत नाही. फोनवर कोण भांडतं ते मला खरंच आठवत नव्हतं, तुला थट्टा वाटली.

वर चाचणीच्या खोलीत गेले. तिच्या मागे उभी राहून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं. ती उठली. खुर्ची नीट आत सरकवली. माझ्या शेजारून गेली, माझ्याच केसांच्या तेलाचा वास आला. मी मान खाली घातली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि मग थांबली.

सुटले म्हणून पडद्याकडे पाहिलं. त्यावर काय आहे ते मला कळेना. महिनाभर मी तिथे बसून काय करत होते, एक गोष्ट आठवेना. शेजारच्या टेबलावर महिनाभर माझ्यासोबत काम केली असणार ती मुलं अदबीनं उठली आणि विचारलं की मॅडम, आपण कोणाकडे आलात.

मंगळवार, १८ मार्च

फोनच्या खुर्चीवर दुसरी आहे, तीही माझ्यासारखीच. आजी तिच्याशी हसून बोलतात, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

तिला घालवणार नाही. घालवली तर आजी जातील, ते काम जाईल, मग पक्कं व्हायला माझ्याकडे उरणार काय. महिनाअखेरीला पत्र मिळणार आहे. तोवर करू दे तिला. कवातासाठीच करते आहे मी हे सगळं.

असं लिहिलं, पण सोयीचंही वाटतंय. तेही लिहिते.

गुरुवार, २० मार्च

दुपारी सर्व्हर बसले. सगळ्या संघांचं काम ठप्प. मॅडम म्हणाल्या की कातुंगे, तू हललीस तर आपण बुडालो. सिफाच्या आईला फोन केला की कवाताला शाळेतून आण, आज तुझ्याकडेच झोपव, मी उद्या येईन. ती कुरकुरली. सकाळी निघताना कवाता दप्तर धरून काहीतरी सांगत होती, शाळेत आज काहीतरी आहे म्हणून. मी म्हटलं होतं, नंतर. ते आत्ता आठवलं.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी सिफाच्या आईला फोन केला, पोर कशी आहे म्हणून. ती हसायला लागली. म्हणाली, झोप झाली नाही का तुझी? काल चारला तूच तर आलीस की घ्यायला. माझ्याकडून मीठही नेलंस.

मी ऑफिसातच होते. रात्रभर.

ऑफिसातली खुर्ची नव्हे ही, आईची जागा. पण उठून आले होते मीच. कित्येक दिवस झाले. आणि आले तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं —

त्याच दिवशी, दुपारी

शाळेच्या फाटकासमोर, भाजीच्या टपरीमागे उभी आहे. शाळा सुटली. ती आली. निवांत, वेळेवर. कवाता धावत गेली आणि तिच्या हाताला लोंबकळली. मग कमरेला मिठी. ती खाली वाकली आणि सगळं ऐकून घेतलं, पूर्ण, मध्ये न तोडता.

या फाटकाशी घ्यायला मी एकदाही आले नव्हते. पहिल्यांदा आले ती आज, लपून.

टपरीवाली विचारते, बाई, काय देऊ.

एक वाक्य म्हटलं की ती जाईल. मी पुढे झाले. शब्द तोंडात जुळवले. ही मुलगी आता —

नाही. ती चाचणीवाली मुलं. ‘आपण कोणाकडे आलात.’ तसं कवाता माझ्याकडे पाहील, आणि मी कवाताकडे. कोणाची ही पोर म्हणून. माझं बोट धरून पहिलं पाऊल टाकलं ते. गोवर झाला तेव्हाचे ते दिवस. ठिपकासुद्धा नाही —

मी म्हणणार नाही. कधीच नाही.

तीही म्हणणार नाही. मी आहे ना ती. मला माहीत आहे.

शनिवार, २२ मार्च

माझ्या घराच्या जिन्यावर बसले आहे. किल्ली लागत नाही. आतून साखळी.

आत कांडलेल्या मक्याचा म्युथोकोई शिजतोय. माझ्या आईसारखा. मला कधी जमला नाही तसा. दोघी हसताहेत. ती गाणं म्हणते, कवाता चुकते, परत पहिल्यापासून.

सिफाची आई वर गेली. मला पाहून थबकली. मग दाराकडे पाहिलं, आतलं गाणं ऐकलं. आणि पुढे गेली. शाल आवळून.

ओडेनीचा फोन. म्हणतो की तुझं पत्र आलं, तू पक्की झालीस, टेबलावर ठेवलंय. मग म्हणतो, पण तू आत्ता इथे सर्व्हरपाशीच आहेस. मग तू बोलतेस कुठून? मी फोन ठेवला.

दार वाजवलं.

गाणं थांबलं. छोटी पावलं. साखळीएवढी फट. कवाता. केस नव्यानं विंचरलेले, घट्ट वेण्या. मी म्हटलं, कवाता, उघड, आई आली.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. घाबरली नाही. हळूच म्हणाली की आई आत आहे. म्हणाली, आईनं सांगितलंय, माझ्यासारखी दिसणारी एक बाई ऑफिसातून येईल, तिच्याशी चांगलं बोल, पण साखळी काढू नकोस.

आणि मग, अगदी शिकवल्यासारखं, मान तिरकी करून विचारलं की कोण आलंय म्हणून सांगू.

मी फटीत बोटं घातली. म्हणाली, थांबा, मीच बोलावते तिला.

आत गेली आहे. फट तशीच. पावलं येताहेत, मोठी. चपला माझ्या. मी सांगणार आहे तिला, समोरासमोर, की कवाताची आई मी, आणि तू —

दोघी येताहेत. कवाता तिच्या मागे लपलीये, माझ्याकडे बोट दाखवते. विचारते आहे, हीच का ती बाई. आणि ती माझ्याकडे बघून, माझ्याच आवाजात, तिला सांगते आहे की घाबरू नकोस, बाळा, ही ऑफिसातली मी आहे, तुझी आई नाही.