बिबा उतलेले हात

४ फेब्रु.
सगुणाबाई बी.पी. तपासायला उपकेंद्रात आल्या. पट्टा बांधताना हात दिसले. बोटांच्या बेचक्यात काळे चट्टे, मनगटावर फुटलेले फोड. जंगलातून बिबे आणतात, फोडून आतली गोडंबी व्यापाऱ्याला देतात. बिब्याचं तेल उडतं ते हातावरच. म्हणाल्या, "दरवर्सी उततेच बाई. पाणी पडलं का जाते." गेल्या पावसात मात्र गेलं नाही.
सहा वर्षं इथं नर्स आहे मी. बी.पी. दर महिन्याला लिहिते. हात आज पाहिले.

६ फेब्रु.
त्यांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, गेले. फोडणाऱ्या बहुतेकींचे हात तसेच. नावं लिहून घेतली. नुसती खाज सुटली तरी लगेच या, म्हटलं. एकीनं विचारलं, येऊन काय करता?

९ फेब्रु.
प्रा. आ. केंद्रात डॉ.ना यादी दाखवली. खरूज लिहा म्हणाले, मलम त्याचंच येतं. म्हटलं, सर, हे कामानं होतंय. "त्याचा रकाना कुठं आहे सिस्टर?"
नाहीच आहे. डोकं उठलं. बसही चुकली.

१३ फेब्रु.
हातमोजे मागितले होते. आले ते तपासणीचे, पातळ. सगुणाबाईंनी घालून पाहिले. थोड्याच वेळात फाटले, तेल आत शिरलं, आतच कोंडलं. संध्याकाळपर्यंत हात टम्म. माझ्यामुळं. घरी येऊन ह्यांच्यावर खेकसले.

१७ फेब्रु.
लोहाराकडून लांब दांड्याचे चिमटे करून नेले. आधी खोबरेल चोळा, मग चिमट्यात धरून फोडा, कामावरून उठल्याबरोबर साबणानं हात धुवा. ऐकलं सगळ्यांनी. काम हळू होते म्हणाल्या. तरी चौघींनी चिमटे ठेवून घेतले.

२१ फेब्रु.
यादीची गोष्ट व्यापाऱ्यापर्यंत गेली. हाताला रोग असलेल्या बायांची गोडंबी घेणार नाही, असं टोल्यावर सांगून गेला. लागणारा रोग नाही हा! आज घरोघर फिरले. कुणीच हात पुढं केला नाही. दोघींनी तर दारही लोटून घेतलं.

२६ फेब्रु.
सगुणाबाईंनी काम सोडलं. आता सून बसते, वनिता. पाचवा महिना चालू. हात अजून स्वच्छ आहेत. चिमटा दिला. तो वापरला तर अर्धं पोतं फोडायचं राहते, म्हणाली.

५ मार्च
वनिता तपासणीला आली. वजन, बी.पी. ठीक. हात बघू म्हटलं. उजवा दिला. डावा मागितला तर म्हणाली, "आधी सांगा बाई, लिवून तर नाई ठेवणार?"
नाही म्हटलं. मग दाखवला. अंगठ्याजवळ लालसर, बारीक पुरळ. आत्ताच काम थांबवलं तर खूण राहणार नाही. मलम दिलं, आठ दिवस बिब्याला हात लावू नको म्हटलं. मान हलवली तिनं.
रजिस्टर समोर आहे. लिहिलं, तर ती परत यायची नाही. नाही लिहिलं, तर वरच्या ऑफिसात कुणासाठी हे झालंच नाही. तारीख घातली आहे, पुढची ओळ अजून कोरी.