फॅट दहा लागली

आंबेवस्ती, ता. राहाता
रविवार, १८ जानेवारी २०२६

राजनंदिनी,

बरी आहेस ना? हॉस्टेलवर थंडी असेल. इकडं पहाटे कॅनला हात लावला की बोटं बधिर होतात. तुझ्या अण्णांचा खोकला कमी आहे. आईंना काल देवळापाशी पाहिलं, त्याही बऱ्या दिसल्या. तुमची तांबडी गाय व्याली, कालवड झाली. हे तुला घरून कळलंच असेल, तरी लिहितो, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाहीये.

तू मला ब्लॉक केलंस. बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही, पण का केलंस ते कळतं. फोन लागत नाही म्हणून कागद घेतला. तुझ्या हॉस्टेलवरची सृष्टी दुपारच्या गाडीनं संगमनेरला परत येतेय, तिच्याकडं देतो. ती म्हणाली, "आधी सांग, ह्यात शिव्या आहेत का? असतील तर मी पोस्टमन नाही." शिव्या नाहीत. असल्या तर मलाच आहेत.

मंगळवारी तुझा पुण्याला इंटरव्ह्यू आहे आणि तू तिथं आपल्या डेअरीसाठी लिहिलेलाच प्रोग्रॅम दाखवणार आहेस. म्हणून आजपर्यंत गप्प बसलो. पण उद्या सकाळी संकलन आटोपलं की संस्थेची बैठक आहे. त्याच्या आत तुला कळायला हवं.

गुरुवारी अण्णांनी तुला फोनवर सांगितलं असेल की गहिनीनं मच्छिंद्राला मारलं, आणि ते तुझ्या नावावरून. खरं आहे, मारलं मी. आता कशावरून ते ऐक.

बुधवारी सकाळी चांगुणाकाकू नेहमीसारख्या दूध घालायला आल्या. म्हशीचं दूध घालणारे आपल्याकडं आता चार-पाचच राहिलेत, बाकी सगळ्या गाई. मच्छिंद्रानं सँपल घेतलं, मशीनला लावलं, आणि माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी आली. फॅट कमी, दूध परत. रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, पाणी मारलं वाटतं. काकूंनी वळून पाहिलं. म्हणाल्या, "मी पानी घातलं आसंल तर माजी म्हस उद्या सभेला यिऊन सांगंल." लोक हसले. काकू कॅन घेऊन गेल्या. घरी जाऊन त्यांनी खवा आटवला म्हणे.

गुरुवारी परत तेच. लाल पट्टी. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

तेव्हा मच्छिंद्र बोलला. मशीनला आपण खोकं घातलंय, आकडा फक्त नळी लावणाऱ्याला, म्हणजे त्यालाच, तिरका दिसतो. मागं सँपलवरून भांडणं झाली तेव्हा तुझ्या अण्णांनीच, चेअरमन म्हणून, ते खोकं बसवलं, की मशीन काय म्हणतंय ते थेट कम्प्युटरला जावं, मधे माणूस नको. आणि परत केलेल्या दुधाचा आकडा स्क्रीनवर दाखवायचा नाही, म्हणजे घासाघीस नको, हे तू प्रोग्रॅममध्ये घातलंस. मच्छिंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, मशीनवर दहा दिसली. कुणी विश्वास ठेवला नाही. दहा फॅट कुणाच्या म्हशीला लागते? आणि तो चांगुणाकाकूंचा भाचा. अण्णा म्हणाले, मामीची बाजू घेतोस व्हय. मग तो माझ्याकडं वळला.

"तुझ्या मॅडमच्या प्रोग्रॅमला वाचता येत न्हाई," म्हणाला. "नुसतं इंग्लिश येतं."

एवढंच. वाईट काही नाही त्यात. पण त्यानं 'तुझ्या मॅडम' म्हटलं, सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली, अण्णाही. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याचा ओठ फुटला. तुझ्याबद्दल कुणी काही बोललं की माझा हात माझा राहत नाही, हे तू कॉलेजात असल्यापासून बघतेस. प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं तेव्हाही असंच झालं होतं, आणि तिथंच माझं दुसरं वर्ष संपलं.

मी ठासून सांगितलं होतं सगळ्यांना, प्रोग्रॅम बरोबर आहे. उगाच नव्हतं सांगितलं, बघितलं होतं. बुधवारीच मी तुझ्या 'दूध' क्लासला, म्हणजे प्रत्येक नोंद ज्या साच्यातून निघते त्याला, विचारलं होतं की बाबा, तुझ्यात काय काय आणि कुठल्या टाइपचं आहे. त्यानं ॲनोटेशन्सची यादी दिली, कशाशेजारी कुठला टाइप लिहिलाय त्याची. सभासद, इंट. लिटर, फ्लोट. फॅट, फ्लोट. एसएनएफ, फ्लोट. तू लिहिलंस तसंच, अक्षर न अक्षर. फॅटच्या जागी दशांशाचा आकडाच बसणार, मग चूक कशी होईल? मी यादी बघितली आणि निश्चिंत झालो.

राजनंदिनी, ती यादी आपण काय लिहिलंय ते सांगते. आत काय पडलंय ते सांगत नाही.

शुक्रवारी सकाळी काकू आल्याच नाहीत. दुपारी केंद्र बंद असताना मी गुरुवारची बाटली काढली. परत केलेल्या दुधाची बाटली आपण फ्रिजात ठेवतो ना, ती. संचालकांसमोरच उघडायची असते. मी उघडली, थोडं दूध ओतून घेतलं, मशीनला लावलं आणि खोक्यात वाकून बघितलं. दहा पॉइंट दोन. म्हस आटायला आलीय, दूध थोडं आणि दाट, त्यात काकू सरकी हात आखडून घालत नाहीत. दहा लागली तर नवल कसलं? माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी.

मग मी क्लासला नाही विचारलं. त्या दुधाच्या नोंदीचं जे ऑब्जेक्ट तयार झालं होतं, त्याला विचारलं, तुझ्यात जी फॅट आहे तिचा टाइप काय. ते म्हणालं, स्ट्रिंग.

आकडा नाहीच. अक्षरं. मशीनची वायर अक्षरंच पाठवते. आपण शेजारी फ्लोट लिहिलं म्हणून पायथॉन त्याचा आकडा करत नाही, आणि अडवतही नाही. ते लिहिलेलं वाचतं, बाजूला ठेवतं आणि जे येईल ते आत घेतं. किमान फॅटची साडेपाचाची मर्यादा सेटिंगच्या फाइलमधून येते, तीही अक्षरंच. असे दोन मजकूर समोरासमोर आले की ते मतदारयादीतल्या नावांसारखे लागतात, पहिलं अक्षर आधी. दहातला पहिला एक हा पाचाच्या आधी. म्हणून दहा पॉइंट दोन ही साडेपाचापेक्षा कमी. सहा, सात, आठ, नऊपर्यंत सगळ्यांचं बरोबर येत राहिलं, दरही तक्त्यात शोधून मिळत राहिला. दहाला पोचलं की पाणी. सगळ्या वस्तीत जिचं दूध सगळ्यांत चांगलं, तिचंच परत.

दिवाळीत तू मला हे शिकवत होतीस तेव्हा मी विचारलं होतं, आत जाणारं तपासायला नको का? तू म्हणालीस, "टाइप लिहिलाय ना, मग तो कशासाठी असतो?" मी मान हलवली. खरं सांगू का, मी स्क्रीनकडं बघतच नव्हतो. तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होतीस.

इथपर्यंत तुला राग आला असेल, पण चूक सापडली, दुरुस्त करू, असंही वाटलं असेल. तिथंच तर घोळ आहे. पुढचं मी सृष्टीलाही सांगितलेलं नाही.

मी शुक्रवारीच दुरुस्त केली. कुणाला न सांगता. आत येणारं आधी फ्लोट करायचं आणि नाही झालं तर तिथंच थांबायचं, दोन-तीन ओळींचं काम. मला वाटलं, शनिवारी काकूंचं दूध आत जाईल, लोक विसरतील, तुझं नाव कुठंच येणार नाही. मंगळवारी तू ताठ मानेनं प्रोग्रॅम दाखवशील. मला भारी हुशारी केल्यासारखं वाटलं. घरी आलो तर आई म्हणाली, काय रे, लॉटरी लागली का.

शनिवारी काकूंनी कॅन ठेवली. हिरवी पट्टी. फॅट दहा पॉइंट तीन, मोठ्या आकड्यात.

रांगेतले पुढं सरकून आकडा बघायला लागले. मग तुझे अण्णा हसले. म्हणाले, "बघा. चारचौघांत नाव निघालं की पानी आपोआप थांबतं."

आणि सगळे हसले, राजनंदिनी. सगळ्यांना पटलं. दोन दिवस पाणी घातलं, बोभाटा झाला, एक दिवस घरी बसल्या, मग खरं दूध आणलं. ह्याहून मोठा पुरावा कुठला? तो पुरावा मी तयार केला. तुझ्यासाठी.

काकूंनी कॅनचं झाकण लावलं. त्या कधी आवाज चढवल्याशिवाय बोलत नाहीत, पण तेव्हा तुझ्या अण्णांकडं बघून हळू बोलल्या. "काकासाहेब, आजच्या दुदाचं पैसं नको मला. आदी सांगा, परवा ते काय हुतं."

अण्णा म्हणाले, माफी लिहून द्या आणि विषय संपवा. काकू म्हणाल्या, कशाची? अण्णा म्हणाले, मग सोमवारी बैठकीत सभासदत्व रद्द करावं लागंल, माझ्या पोरीचा प्रोग्रॅम हाय, माणूस चुकंल, तो चुकायचा न्हाई. हे म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवस वाट बघत होतो मी, की ते कधी मला जवळचं समजतील. आणि मी स्क्रीनकडं बघत बसलो. काकू कॅन घेऊन परत गेल्या. आज आल्या नाहीत.

संध्याकाळी मच्छिंद्राकडं गेलो. त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "वठ सुजलाय म्हणून, न्हाईतर हसलो असतो." मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हुतं." दार लावून घेतलं त्यानं.

आता उद्याचं. दुरुस्तीच्या आधीचा प्रोग्रॅम मी ठेवलाय आणि बाटलीत अजून दूध आहे. बैठकीत खोकं काढून सगळ्यांसमोर आधी जुना चालवणार, मग नवा. दहा पॉइंट दोनला लाल पट्टी आली की कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. बाटली मी उघडली हेही सांगणार, शुक्रवारी गुपचूप काय केलं तेही. नोकरी जाईल, जाऊ दे.

पण प्रोग्रॅम कुणाचा हे लपवता येणार नाही. ते अण्णांनीच गावभर सांगून ठेवलंय.

म्हणून तू आज रात्री अण्णांना फोन कर. तू सांगितलंस तर लोक म्हणतील, पोरीनं स्वतःची चूक स्वतः शोधली. मी सांगितलं तर म्हणतील, कॉलेज सोडलेला पोरगा, मुलीनं विचारलं नाही म्हणून चेअरमनवर उलटला. अण्णा तेच धरतील आणि तुमच्या दारात मला पुन्हा पाय टाकता येणार नाही. मला हे सगळं दिसतंय. तू फोन केलास तर मी उद्या तोंड उघडणार नाही, बाटली तेवढी टेबलावर ठेवीन. नाही केलास तर उठून बोलेन. ही धमकी नाही. असेलही. मला आता दोन्हीतला फरक कळेनासा झालाय. एवढंच कळतं की तुझं नाव राखायला मी एका बाईचं नाव घालवलं, आणि असं राखलेलं नाव तुलाही नको असेल. तुला ते हवं असेल, तर मी ज्या मुलीसाठी मारामाऱ्या केल्या ती कुणी वेगळीच होती.

नाही, हे खोडत नाही. राहू दे.

इंटरव्ह्यूला कुणी विचारलं तर हेच सांग, लपवू नकोस. आणि स्वेटर घालून जा, पहाटेची गाडी आहे.

आजवर तुला दिलेल्या चिठ्ठ्यांखाली मी नुसतं 'ग' लिहायचो, कुणाच्या हाती लागली तर तुला त्रास नको म्हणून. हे पत्र तुला अण्णांपुढं ठेवावं लागलं तर ठेव. चूक कुठं आहे ते ह्यात आहे, आणि मी तुझ्यात किती गुंतलोय तेही कुठं झाकलेलं नाही. दोन्ही माझ्या हातचं आहे, तर खाली नावही पूर्ण असू दे.

गहिनीनाथ रंगनाथ वाबळे