केसभर उशीर

रविवार, ९ मार्च, सकाळी ७ वाजून ४० मिनिटे. फ्रेमच्या दुकानात कालच्या काचांचे तुकडे वेचत होतो. ते टाकून लिहायला बसलो.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझं ततपप होतं, म्हणून पत्र. नववीत शाळा सुटली, तरी शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे.

तुमचा भाऊ चार महिन्यांपूर्वी दुकान आणि मला सोडून तुमच्या लाँड्रीत आला. कारण त्याने सांगितलं नसणार. आमचं सुरू झालं ते याच टेबलावर. डिंक वाळेपर्यंत तो बोटांनी फळीवर ठेका धरायचा. मालक म्हणायचे की फ्रेमा कमी, तमाशा जास्त. मग जुना लॅपटॉप आला, सोळा रबरी चौकोनांचा पॅड आला. तो पॅडवर ठोके वाजवायचा, मी लॅपटॉपवर त्यांना सूर जोडायचो. लोक नाचायला लागले. तो मला फूटपट्टी म्हणायचा, मी त्याला सावकाश. पोस्टरवरही तेच छापलं.

त्याचा ठोका केसभर उशिरा पडतो. लॅपटॉपच्या पडद्यावर दिसतं: ठोका जिथे पडायला हवा ती रेषा इथे, ठोका जरा पुढे. तीन वर्षं दर रविवारी मी ते ठोके एकेक करून रेषेवर ओढले आणि त्याला सांगितलं नाही. तिरकी टांगलेली फ्रेम मला बघवत नाही, तसंच. नोव्हेंबरात त्याने स्वतःच फाइल उघडली आणि विचारलं. मी म्हणालो की तुझ्या चुका दुरुस्त करत होतो. त्याने वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि गेला.

परवा एका हॉलमध्ये एकटा वाजवताना आमची अगदी पहिली, हात न लावलेली फाइल चुकून लागली. ताई, एरवी लोक उड्या मारतात. त्या दिवशी डुलले. भिंतीशी बसलेलं वयस्कर जोडपंही उठलं. तेव्हा माझी चूक मला कळली.

पाच एप्रिलला मोठा कार्यक्रम आहे, दोघांच्या नावावर. तो नसेल तर मीही जाणार नाही. त्याला एवढं सांगा.

लोभ वाढवा म्हणायला तोंड नाही. आहे तेवढा राहू द्या.

फूटपट्टी

सोमवार, १७ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून मला वाटलं बँकेची नोटीस आली. पत्र त्याच्यापुढे धरलं, तर वाचणार नाही म्हणाला. मग पाच तारखेचं तेवढं तोंडी सांगितलं. बराच वेळ इस्त्री फिरवत राहिला आणि मग म्हणाला की येईन.

तुला एक सांगते. रोज जेवणाच्या सुट्टीत तो चादरींच्या गठ्ठ्यावर पॅड ठेवतो, मोबाइलवर तालाची टिकटिक लावतो आणि वाजवत बसतो. चुकला की स्वतःच्याच बोटांवर चापट. पूर्वी घडी घालायला सांगितली की चादरीचं बोचकं करायचा. आता कोपऱ्याला कोपरा लावतो. आधी बरं वाटलं, मग कसंतरीच झालं.

सोबत त्याने मेमरी कार्ड दिलं आहे. तुला निरोप आहे की या वेळी फूटपट्टीला काही काम उरणार नाही. हे सांगताना चार महिन्यांत पहिल्यांदा हसला रे.

भांडायचं असेल तर दोघं जेवून मग भांडा. माझ्या मायेला पत्र लागत नाही, तरी लिहीत जा.

तुझी ताई

रविवार, २३ मार्च, दुपारी ४ वाजून १० मिनिटे. दुकान बंद करून तुझं कार्ड तिसऱ्यांदा ऐकत होतो.

प्रिय सावकाश,
स. न. वि. वि.

प्रत्येक ठोका रेषेवर आहे. मला एकही हलवावा लागला नाही. तुला हेच ऐकायचं होतं, आणि ते खरं आहे.

ताईंना लिहिलेलं माझं पत्र आता तरी वाच. मी ज्याला चूक म्हणालो, त्यावरच लोक डुलत होते.

आज दोन तास बसून तुझे ठोके पुन्हा केसभर उशिरा सरकवून पाहिले. जमलं नाही. सगळे सारखेच उशिरा झाले. तुझा प्रत्येक उशीर वेगळा असायचा. तो किती, हे मी कधी मोजलंच नाही, नुसता पुसत गेलो.

टिकटिक तिकडेच ठेवून ये. तो हात परत येईल की नाही, मला माहीत नाही. टेबल रिकामं करून ठेवतो. एका फ्रेमला डिंक लावू आणि वाळेपर्यंत बसू.

राग असू दे, पण ये.

तुझा
फूटपट्टी

ता. क. आजचा हिशेब: ठोके ५१२. रेषेवर ५१२. उशिरा ०. तुझं देणं काही नाही. माझं देणं, तीन वर्षांचे सगळे रविवार.