तुपाशेजारची वाटी

ती. भागुताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचं हृदय, दोन्ही धड असतील अशी आशा करतो. इकडे प्राची, अमिषा आणि मांजर खुशाल. फोन तू नेहमी स्पीकरवर ठेवतेस, आणि हे भावोजींच्या कानावर जाणं बरं नाही, म्हणून कागद घेतला.

संकष्टीच्या सकाळी मी निरांजन लावून डोळे मिटले. उघडले तर देवघराकडे कधी न फिरकणारी आमची मांजर पुढचे पाय जुळवून गणपतीसमोर बसलेली. मला भरून आलं. (मुक्या जिवालाही ओढ लागते, असं काहीसं मनात आलं. मला असे विचार येतात, तुला माहीत आहे.) मग वास आला. देवघरात पोपटीचा वास! तेवढ्यात प्राचीने स्वयंपाकघरातून विचारलं, "अवो, देवासमोर कोंबडी भाजताय का काय?" मी म्हणालो, "नवा धूप हाय." देवासमोर बसून, उपासाच्या दिवशी, एवढं सहज खोटं मला जमेल असं वाटलं नव्हतं.

हे झालं कसं ते मुळापासून सांगतो. पोपटीचा यात काही दोष नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तेल नाही, पाणी नाही, भोवती पालापाचोळ्याचा जाळ. दोष भावोजींच्या डोक्यातल्या रश्श्याचा. गेल्या वर्षी त्यांनी पानात साठलेला रस काढून त्यात पळीभर तेल आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण घालायला लावलं, तीन वाट्या प्यायले, आणि आठ दिवसांनी दवाखान्यात गेले. (डॉक्टर म्हणाले, ही तीस वर्षांची कमाई आहे. पण नाव माझ्या रश्श्याचं झालं.) तू तेव्हाच सांगितलंस, "यांचं पाऊल आता तुझ्या पोपटीला लागायचं न्हाय." ताई, त्या दिवसापासून मला शेंगा गोड लागल्या नाहीत. बाबा गेल्यापासून आमच्या पोपटीचं मडकं भावोजीच लावतात.

म्हणून यंदा ठरवलं, हृदयाला सोसेल असा रस्सा करायचा. अमिषा आहारशास्त्र शिकते. ती म्हणाली, "पप्पा, गळलेला रस गार करा, वर गोठलेली चरबी काढून टाका, खालचा रस कांदा-लसूण घालून उकळा, दाटपणाला भाजलेलं नाचणीचं पीठ. खोबरं नको, तेल नको." सांगणं सोपं. तेल-खोबरं वगळलं की रस जास्त लागतो. पहिल्या रविवारी मी नेहमीसारखं मडकं उपडं लावून खाली खड्ड्यात वाटी ठेवली. वाटी भरली, पण राखेने. शेजारचा दिपेश डोकावून म्हणाला, "दादा, रस्सा हाय का दंतमंजन?" दुसऱ्या रविवारी तळाला वाटी ठेवून मडकं सरळ लावलं. आळीतल्या म्हाताऱ्या बघून गेल्या. सरळ पोपटी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण रस मिळाला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर चरबीची पांढरी चकती धरली, ती सुरीने अलगद उचलली.

रस्सा कसा झाला? पहिला घोट प्रामाणिक लागला. तिसऱ्या घोटाला जीभ तक्रार विसरली. चाखायला एक जाणकार होता (नाव पुढे येईल). चरबी मी उकिरड्यावर टाकायला निघालो, तर जाणकार म्हणाला, "अरं, अन्न हाय ते!" अन्नाचा अपमान मलाही सोसत नाही. चरबी वाटीत राहिली, वाटी फ्रीजमध्ये, आणि मुंग्यांच्या भीतीने निरांजनाचं तूप आमच्याकडे फ्रीजमध्येच असतं. दोन वाट्या, दोन्ही स्टीलच्या, दोन्ही पांढऱ्या. पुढचं मांजरीने सांगितलंच.

मी पालीला जाऊन आलो. बल्लाळेश्वरासमोर सगळं बोललो. परतताना जाणवलं की मी पहिलं खोटं त्याच्याशी बोललोच नव्हतो. काल प्राचीला सांगितलं. ती म्हणाली, "देव माफ करील. निरांजन कोन घासनार?" चिंचेने तीनदा घासलं.

तुझा धाकटा,
जीवन

ता. क. येत्या रविवारी पोपटी आहे. रस्सा नाचणीचा. भावोजींना पाठव, आणि तूही ये. वाटी तुझ्या हातात राहील, तू देशील तेवढंच ते पितील.

ता. क. २. दोन रविवार झाले, भावोजी दिघीला मित्राच्या आजारपणाला मुक्कामी जातात ना? ते दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून आमच्याकडे येतात. मित्र मीच. आजारी कोणी नाही. जाणकारही तेच. ती चरबी त्यांनी भाकरीला लावायला ठेवली होती. चाखायच्या आधीच देवाने ती निरांजनात घेतली, असं मी आता मानतो.

ता. क. ३. हे तुला सांगावं की नाही, यावर पंधरा दिवस विचार केला. भावोजी आज पुन्हा आलेत, आत्ता अंगणात चहा पिताहेत, बिनसाखरेचा. दिघीच्या धक्क्यावर मी भेटलो, असं सांगून ते हे पत्र तुला देतील. त्यांना वाटतं, पत्रात मी त्यांची रदबदली केली आहे. तीही केली आहेच.

(पाकिटावर) ताई, पाकीट डिंकाने दोनदा चिकटवून भावोजींच्या खिशात मी स्वतः घालतोय. आधी सगळं वाच. आणणाऱ्याला तोवर पाणी दे. जेवणाचं वाचल्यावर ठरव.